विश्लेषण : दहा मिनिटांत बरे वाटले, तरी हृदयरुग्णाचा ‘मिनी-स्ट्रोक’ धोक्याचा का?

हृदयविकार असलेल्या माणसाच्या घरात छातीत दुखू लागले तर काय करायचे, हे साधारण ठरलेले असते. सॉर्बिट्रेटची पट्टी उशाशी असते, डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये असतो, कोणत्या रुग्णालयात न्यायचे ते मुलाला-सुनेला पाठ असते. पण त्याच माणसाचा हात सकाळी दहा मिनिटे लुळा पडला, जीभ जड झाली आणि चहा होईपर्यंत सारे पूर्ववत झाले, तर? तर बहुतेक घरांत काहीच होत नाही. ‘रात्री झोप झाली नसेल’, ‘मानेची नस दबली असेल’, ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून दिवस सुरू होतो. या दहा मिनिटांना डॉक्टर ‘टीआयए’ म्हणतात, बोलताना ‘मिनी-स्ट्रोक’. पुढचा मोठा झटका टाळण्याची ती सर्वांत चांगली संधी असते. आपली घरे आणि आपली आरोग्यव्यवस्था, दोन्ही ती संधी सहज वाया घालवतात.

मिनी-स्ट्रोकमध्ये नेमके होते काय?

मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. त्या भागाचे रक्त थांबते आणि तो भाग जे काम सांभाळतो ते बंद पडते. कोणाचा एका बाजूचा हात-पाय, कोणाचे बोलणे, कोणाच्या एका डोळ्याची नजर. मग गुठळी विरघळते किंवा पुढे सरकते, रक्त पुन्हा वाहू लागते आणि माणूस पूर्ववत होतो. बहुतेक वेळा हे सगळे तासाभराच्या आत, अनेकदा काही मिनिटांतच आटोपते.

पूर्वी २४ तासांत लक्षणे गेली की टीआयए, त्याहून जास्त राहिली की स्ट्रोक, अशी सरळ व्याख्या होती. अमेरिकेतील हृदयरोग व स्ट्रोक संघटनांनी २००९ मध्ये ती बदलली. आता घड्याळापेक्षा मेंदूची पेशी मेली की नाही याला महत्त्व आहे. कारण काही मिनिटांत ओसरलेल्या झटक्यानंतरही एमआरआय केला तर अनेकांच्या मेंदूत छोटी, ताजी जखम दिसते. म्हणजे ‘हा छोटाच होता’ हे घरी बसून ठरवताच येत नाही.

मुळात ‘मिनी’ हा शब्दच घात करतो, असे मला वाटते. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी ‘अंगावरून वारे गेले’ असा शब्दप्रयोग आहे. तो ऐकला की घर हादरते. ‘मिनी-स्ट्रोक’ ऐकले की मात्र काहीतरी किरकोळ, सवलतीतले मिळाल्यासारखे वाटते. लक्षणे दोन्हींत तीच असतात. फरक फक्त गुठळी या वेळी विरघळली एवढाच, आणि पुढची विरघळेल याची कोणी हमी देत नाही.

हृदयाचा आणि मेंदूच्या झटक्याचा संबंध काय?

सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ‘एएफ’. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक कोपरा असतो. प्रवाह मंदावला की त्या कोपऱ्यात रक्त साचते आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटली की महाधमनीतून वर मेंदूत जायला तिला वेळ लागत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाच्या दीर्घ अभ्यासातून १९९१ मध्ये जे समोर आले ते आजही सांगितले जाते : एएफमुळे स्ट्रोकचा धोका सुमारे पाच पट होतो. त्रास असा की अनेकांना एएफ जाणवतही नाही. ते येते-जाते. ईसीजी काढला त्या दिवशी ठोके सरळ, म्हणून अहवाल ‘नॉर्मल’.

आपल्याकडे याला आणखी एक जोड आहे, जी पाश्चात्त्य माहितीपत्रकांत फारशी सापडत नाही. लहानपणी घसा सुजून आलेला ताप, मग सांधेदुखी आणि त्यातून बिघडलेली हृदयाची झडप, म्हणजे रूमॅटिक हृदयविकार. झडप अरुंद झाली की वरचा कप्पा फुगतो आणि एएफ सुरू होते. हे रुग्ण सत्तरीतले नसतात, तिशी-चाळिशीतले असतात आणि त्यात बायकांचे प्रमाण मोठे असते. घरातल्या कर्त्या बाईला मिनिटभर बोलता आले नाही, तर ‘अशक्तपणा’ या शब्दात ते प्रकरण मिटवले जाते. तिला झडपेचा आजार आहे हे घरच्यांना ठाऊक असते, पण झडप आणि जीभ यांची सांगड कोणी घालून दिलेली नसते.

बाकीचे मार्ग थोडक्यात. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग हलेनासा होतो आणि त्याच्या आत गुठळी धरू शकते. हृदयाची पंपिंगची ताकद फार घटली असेल तरीही तेच. कृत्रिम धातूची झडप बसवली असेल तर तिच्यावर गुठळी जमू शकते. शिवाय ज्या चरबीच्या थरांनी हृदयाच्या धमन्या अरुंद केल्या, तेच थर मानेतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही असू शकतात. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झाली म्हणजे हृदयाचा अडथळा दूर झाला, मानेतला तसाच राहिला.

एका राष्ट्राध्यक्षाचे उदाहरण

अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका आला. त्यांना तेव्हा नवेच असलेले रक्त पातळ करणारे औषध दिले गेले, वॉरफरिन. हेच रसायन काही वर्षे आधीपर्यंत फक्त उंदीर मारायला विकले जात होते. अध्यक्षांना ते दिले गेल्याने लोकांची भीड चेपली, असे म्हणायला हरकत नाही.

दोन वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९५७ रोजी, मोरोक्कोच्या राजांचे स्वागत करून ते कार्यालयात परतले आणि टेबलावरचा कागद वाचता येईना. बोलायला गेले तर मनातला शब्द एक आणि तोंडातून निघे दुसराच. त्या रात्रीच्या शाही मेजवानीला जायचा त्यांचा हट्ट होता, तो मोडून काढावा लागला. काही दिवसांत बोलणे बरेचसे पूर्ववत झाले आणि डिसेंबरात ते पॅरिसला ‘नाटो’च्या परिषदेला गेलेही. आजच्या भाषेत तो टीआयएपेक्षा किरकोळ स्ट्रोक म्हणावा लागेल, पण घटनाक्रम अगदी ओळखीचा आहे. आधी हृदयाचा झटका, मग शब्द हरवणे, आणि रुग्णाची इच्छा एकच की कार्यक्रम रद्द होऊ नये. भोवती डॉक्टर होते म्हणून निभावले. आपल्याकडे त्या जागी लग्नाची तारीख असते, शेताचे पाणी असते नाही तर दुकानाची वेळ.

पहिल्या दोन दिवसांना इतके महत्त्व का?

कॅलिफोर्नियात आपत्कालीन विभागात आलेल्या १,७०० हून अधिक टीआयए रुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १०.५ टक्के रुग्णांना पुढच्या ९० दिवसांत पूर्ण स्ट्रोक आला. त्यातही निम्मे स्ट्रोक पहिल्या दोन दिवसांतले होते. म्हणजे ‘सोमवारी दाखवू’, ‘पगार झाल्यावर तपासण्या करू’ असे म्हणेपर्यंत धोक्याचा निम्मा काळ उलटून गेलेला असतो.

आता याची दुसरी बाजू, आणि ती खरोखर दिलासा देणारी आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात एक साधा बदल करून पाहिला गेला. आधी टीआयएच्या रुग्णाला भेटीची वेळ घ्यावी लागे आणि तपासणीनंतर औषधांचा सल्ला त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे पाठवला जाई. पहिली गोळी पोटात जायला सरासरी २० दिवस लागत. मग वेळ न घेता त्याच दिवशी तपासणी आणि तिथेच औषध, अशी पद्धत सुरू झाली आणि २० दिवसांचा एक दिवस झाला. ९० दिवसांतील स्ट्रोकचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००७ चे आहेत. यात नवे औषध कोणतेही नव्हते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची गोळी, गरज तिथे गुठळी रोखणारे औषध. सगळी जुनीच. बदलली होती फक्त वेळ.

लक्षणे ओळखायची कशी?

चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात उचलून धरता न येणे, बोलणे अडखळणे किंवा समोरच्याचे न समजणे, एका डोळ्यापुढे पडदा पडल्यासारखे होणे, अचानक तोल जाणे. यातला कळीचा शब्द ‘अचानक’. हळूहळू वाढत गेलेल्या मुंग्या किंवा दोन्ही हातांत महिनोन्‌महिने असलेला बधिरपणा बहुधा वेगळ्या कारणाचा असतो. नुसती चक्कर आली म्हणजे टीआयए असेही नाही. पण हृदयरुग्णाच्या बाबतीत हा निवाडा घरच्यांनी करू नये.

त्या क्षणी घरच्यांनी काय करू नये?

हृदयरुग्णाच्या घराला छातीच्या दुखण्यासाठी जे शिकवलेले असते, तेच इथे उलटू शकते, म्हणून हा भाग नीट वाचावा.

जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नये. ती गोळी हृदयाच्या दुखण्यासाठी आहे. तिने रक्तदाब खाली येतो, आणि मेंदूची वाहिनी तुंबलेली असताना आजूबाजूच्या वाटांनी जे थोडेफार रक्त पोहोचत असते ते याच दाबावर. दाब उतरला की तेही आटते. याच कारणाने ‘बीपी दोनशे आहे’ म्हणून घरात ठेवलेली जास्तीची गोळी देऊन दाब झटपट उतरवायचा प्रयत्नही करू नये. झटक्याच्या वेळी दाब वाढलेला असतो. तो किती आणि कधी उतरवायचा हे रुग्णालयात ठरते.

लक्षणे चालू असताना ॲस्पिरिन चावून खायला देऊ नये. हृदयविकाराच्या झटक्यात ती देतात, हे खरे. पण मेंदूचे काही झटके गुठळीचे नसून रक्तस्रावाचे असतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅनशिवाय फरक कळत नाही. त्यातून रुग्ण आधीच रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर जोखीम आणखी वाढते. रक्तस्राव नाही असे दिसले की डॉक्टर ॲस्पिरिन लगेच सुरू करतीलच.

पाणी, चहा, साखरपाणी तोंडात ओतू नये. गिळण्याची ताकद गेली असेल तर ते फुप्फुसात जाते. मधुमेही रुग्णाची साखर मात्र घरी यंत्र असेल तर लगेच तपासावी, कारण साखर फार उतरली तरी बोलणे अडखळते आणि अंग लुळे पडते. आणि मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरणारा तो संदेश, की बोटांची टोके सुईने टोचून रक्ताचे थेंब काढले की पक्षाघात टळतो, त्याला काहीही आधार नाही. त्यात दहा मिनिटे जातात एवढेच.

करायचे ते सोपे आहे. लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवणे, १०८ ला फोन करणे, आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात जाणे. लक्षणे वाटेत गेली तरी परत फिरायचे नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रुग्ण गुठळीरोधक गोळी घेत असेल तर ती कोणती आणि शेवटची कधी घेतली, हा पहिला प्रश्न विचारला जातो, कारण त्यावर ते इंजेक्शन देता येईल की नाही हे अवलंबून असते. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला हे ठाऊक आणि गावी असलेल्या आईला नाही, असे घडते. म्हणून गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये असावा.

ॲस्पिरिन चालू आहे, मग पुन्हा ‘रक्त पातळ करणारी’ गोळी कशाला?

सर्वांत मोठा गोंधळ इथे आहे. आपण दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्यांना एकच नाव देतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातील प्लेटलेट चिकटू देत नाहीत. धमनीतल्या चरबीच्या थरावर होणारी गुठळी त्या रोखतात, म्हणून स्टेंटनंतर त्या लागतात. एएफमध्ये हृदयात साचलेल्या रक्ताची गुठळी होते ती वेगळ्या प्रक्रियेने. तिला वॉरफरिन, ॲसिनोकुमॅरॉल किंवा अपिक्सॅबॅन, रिव्हारॉक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन यांसारखी औषधे लागतात.

एएफच्या रुग्णांत वॉरफरिनने स्ट्रोक सुमारे दोन-तृतीयांशाने घटतात, ॲस्पिरिनने जेमतेम एक-पंचमांशाने. तरीही ‘वय झाले आहे, रक्तस्राव होईल, ॲस्पिरिनच बरी’ असा विचार रुग्णच नव्हे, काही डॉक्टरही करतात. ज्यांना वॉरफरिन झेपणार नाही असे समजले गेले, अशा साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांत ॲस्पिरिन आणि अपिक्सॅबॅनची तुलना झाली. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार अपिक्सॅबॅन घेणाऱ्यांत स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. म्हणजे ॲस्पिरिन ‘सौम्य’ म्हणून निवडणाऱ्याला तिची जोखीम जवळपास तेवढीच भोगावी लागते आणि संरक्षण मात्र मिळत नाही.

कोणाला ही औषधे लागतात यासाठी डॉक्टर गुण मोजतात. हृदय अशक्त असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धमन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक गुण, ६५ ते ७४ वयाला एक आणि ७५ च्या पुढे दोन. आधी स्ट्रोक किंवा टीआयए होऊन गेला असेल तर एकदम दोन. समजा ६८ वर्षांचे गृहस्थ आहेत, एएफ आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे. त्यांचे तीन गुण झाले, म्हणजे औषध आधीच लागत होते. त्या सकाळच्या दहा मिनिटांनी ते पाच झाले. ती दहा मिनिटे डॉक्टरांना सांगितलीच नाहीत, तर त्यांच्या हिशेबात ती येणार कशी?

रूमॅटिक झडप अरुंद असलेल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या गोळ्या सोयीच्या असल्या तरी त्या सर्वांसाठी नाहीत. भारतासह २४ देशांतील सुमारे साडेचार हजार रूमॅटिक एएफ रुग्णांवरचा ‘इन्व्हिक्टस’ हा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात नव्या पिढीच्या रिव्हारॉक्सॅबॅनपेक्षा जुन्या वॉरफरिन गटातल्या औषधांवरचे रुग्ण अधिक सुरक्षित राहिले, मृत्यूही कमी झाले. धातूची झडप असलेल्यांनाही जुनेच औषध लागते. शेजाऱ्याला ‘तपासणी न लागणारी गोळी’ मिळाली म्हणून आपणही बदलून घ्यावी, असे करू नये.

जुन्या औषधांची अडचण म्हणजे रक्ताची आयएनआर तपासणी. आकडा सहसा २ ते ३ दरम्यान हवा, काही झडपांसाठी थोडा वर. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. पालेभाज्यांबद्दलचा गैरसमज यातूनच येतो. मेथी, पालक, शेपू, अळू यांतील के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करते, म्हणून अनेक घरांत भाजीच बंद होते. बंद करायची गरज नाही, रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवायचे. गडबड होते ती श्रावणात किंवा आजारपणात, जेवणाची रीतच बदलते तेव्हा. तेव्हा एक जादा तपासणी करून घ्यावी. नव्या गोळ्यांना भाजीचे हे पथ्य नाही.

भाजीपेक्षा जास्त धोका औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक रक्तस्राव वाढवते. जुलाबांसाठी घेतलेली मेट्रोनिडॅझोल वॉरफरिनचा परिणाम एकदम चढवते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन नव्या-जुन्या दोन्ही औषधांचा परिणाम उतरवते. काढे, चूर्णे चालू असतील तर तीही सांगावीत, कोणी रागावणार नाही, आणि रागावले तरी सांगावीत.

मग गोळी मध्येच बंद करणे. दात काढायचा आहे, मोतीबिंदू आहे, घरात लग्न आहे, नाकातून थोडे रक्त आले, अशा कारणांनी लोक स्वतःहून आठ-आठ दिवस गोळी थांबवतात. साधा दात काढण्यासाठी किंवा मोतीबिंदूसाठी ती सहसा थांबवावी लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी लागते, पण किती दिवस, हे हृदयाचे डॉक्टर सांगतात. नव्या गोळ्यांचा परिणाम तर एखाद्या दिवसात उतरतो, म्हणून दोन डोस चुकले की रुग्ण उघडा पडतो. ‘नवी गोळी चांगली’ असे म्हणताना हे सांगायचे राहून जाते.

स्टेंट बसवलेल्यांना एएफ असेल तर दोन्ही प्रकारच्या गोळ्या काही काळ लागतात. साधारण वर्षभरानंतर अनेकांची ॲस्पिरिन थांबवून केवळ गुठळीरोधक गोळी ठेवता येते. दोन्ही वर्षानुवर्षे चालू असतील तर डॉक्टरांना विचारायला हवे, कारण अनेकदा जुनी चिठ्ठी तशीच पुढे उतरवली जात असते. आणि ज्यांना एएफ नाही, त्यांना टीआयएनंतर ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडी बहुधा फक्त तीन आठवडे देतात, मग एकच गोळी.

एएफ आहे की नाही, कळणार कसे?

टीआयएनंतर एका ईसीजीवर समाधान मानू नये. २४ तासांचा होल्टर, गरज असेल तर त्याहून लांबचे निरीक्षण, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टू-डी इको, आणि मानेच्या धमन्यांचा डॉप्लर किंवा सीटी अँजिओग्राफी व्हायला हवी. लक्षणे देणारी मानेतली धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असेल तर ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया फायद्याची ठरते आणि ती दोन आठवड्यांच्या आत झाली तर सर्वांत जास्त.

घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहायची. वेग किती यापेक्षा ताल सारखा आहे का ते बघायचे. कधी दोन ठोके लागोपाठ, कधी लांब खंड, काही ठरावच नाही, असे वाटले तर ईसीजी काढावा. स्मार्ट घड्याळ असेल तर ‘अनियमित नाडी’चा इशारा दुर्लक्षू नये, पण तेच निदान समजू नये. अ‍ॅपलच्या घड्याळावर अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून घेतली, त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश लोकांतच तेव्हा एएफ सापडले. आणि घड्याळाने इशारा दिला नाही म्हणजे सर्व ठीक, असेही नाही.

रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू

यात नवे काही नाही, म्हणूनच बहुधा लक्ष जात नाही. टीआयए होऊन गेलेल्याचा रक्तदाब, तो तातडीचा काळ ओलांडल्यावर, १३०/८० च्या खाली असावा. ‘वयाच्या मानाने दीडशे चालते’ हे आता चालत नाही. धमन्यांचा आजार असेल तर एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून स्टॅटिन बंद करणारे खूप भेटतात. तो नॉर्मल आला गोळीमुळेच. तंबाखूच्या बाबतीत बिडी-सिगारेट सोडली म्हणजे काम झाले, असे समजून मिश्री किंवा मळलेली तंबाखू चालू ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि घरातल्या बायकांच्या मिश्रीबद्दल तर डॉक्टर विचारतही नाहीत. विचारायला हवे.

व्यवस्था कुठे कमी पडते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, झडप बदलता येते, ही मोठी गोष्ट आहे. पण या योजनेची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांभोवती आहे. टीआयएचा रुग्ण दाखल व्हायला येतच नाही. तो चालत येतो, नीट बोलतो, ‘आता बरे आहे’ म्हणतो. त्याला लागते ते सगळे बाह्यरुग्ण विभागातले : त्याच दिवशीचा स्कॅन, होल्टर, इको, डॉप्लर, मग महिन्याला आयएनआर आणि जन्मभराच्या गोळ्या. हा खर्च खिशातून. पुढे त्याचे अर्धे अंग गेले की मग योजना, खाट, सगळे उपलब्ध. झडप बदलून देणारी व्यवस्था त्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून लागणाऱ्या तपासणीसाठी रुग्णाला एसटीने जिल्ह्याच्या गावी पाठवते, याला काय म्हणायचे?

यावर आक्षेप असा घेतला जातो की टीआयएचा संशय म्हणून येणाऱ्यांत मोठा हिस्सा अर्धशिशी, फिट, साखर उतरणे अशांचा निघतो, प्रत्येकाला त्याच दिवशी तपासत बसले तर आधीच वाकलेले विभाग मोडतील. आक्षेप खोटा नाही. पण ज्यांच्या केसपेपरवर आधीच एएफ, झडपेचा आजार किंवा हृदयविकाराचा झटका लिहिलेला आहे, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. त्यांची ओळख पटलेली आहे, ते दर महिन्याला त्याच खिडकीशी रांगेत उभे असतात. जिल्हा रुग्णालयात अशांसाठी ‘त्याच दिवशी’चा नियम करायला नवी इमारत लागत नाही.

त्याहून स्वस्त काम म्हणजे नाडी. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम गावपातळीवर चालू आहे. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधतेवेळी मनगटावर दोन बोटे ठेवायला आणखी एक मिनिट लागेल, आणि अनियमित आढळलेल्याला ईसीजीला पाठवता येईल. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे बाजारात आहेत. निदान ज्या तालुक्यांत झडपेचे रुग्ण जास्त आहेत तिथल्या ग्रामीण रुग्णालयांत ती द्यावीत. अपिक्सॅबॅनसारख्या गोळ्यांची पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांनी त्या बाजारात आणल्या आणि किमती उतरल्या. सरकारी खरेदीच्या यादीत त्यांना जागा मिळाली, तर ‘परवडत नाही म्हणून ॲस्पिरिन’ हे कारण उरणार नाही.

आणि रुग्णालयातून घरी सोडताना दिले जाणारे कार्ड. बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतरच्या कार्डावर छातीत दुखल्यास काय करावे ते ठळक असते. त्याखाली मराठीत आणखी दोन ओळी मावतील : तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, पाच मिनिटांसाठी जरी झाले तरी लगेच यावे, आणि तेव्हा सॉर्बिट्रेट घेऊ नये.